नळीवरची वेळ

अकरा वर्षं मी खाडीपलीकडच्या आजारी माणसांचं रक्त काढते आहे. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत माझं एक टेबल आहे, पण त्या टेबलापेक्षा फेरीबोटीवरचं बाकडं मला जास्त ओळखतं. कानांत बोळे आणि डोळ्यांवर पट्टी घालून जी माणसं वर्षानुवर्षं अंधाऱ्या खोलीत पडून आहेत, ज्यांना कूस बदलली तरी दोन दिवस भोगावं लागतं, त्यांनी हॉस्पिटलात यायचं कसं? म्हणून हॉस्पिटल त्यांच्याकडे जातं. हॉस्पिटल म्हणजे मी, बर्फाची एक पेटी आणि अठरा किलोंचं एक यंत्र.

ते यंत्र रक्ताची नळी गरगर फिरवतं, तांबड्या पेशी तळाला बसवतं आणि वरचं पिवळसर पाणी वेगळं करून देतं. रक्त काढल्यापासून अर्ध्या तासाच्या आत हे व्हावं लागतं. कारण नळीत उतरलं म्हणून रक्त गप्प बसत नाही. बर्फात ठेवलं तरी पेशी आपलं काम रेटतच असतात. एका अमिनो आम्लाचं दुसरं करून ठेवतात. आर्जिनिन घटतं, ऑर्निथिन वाढतं. उशीर झाला की मोजलेले आकडे त्या माणसाचे राहत नाहीत, नळीचे होतात.

आणि आमचं सगळं काम त्या आकड्यांवरच उभं आहे. आमचा डॉक्टर हाल्वर, शांत माणूस, एक औषध चालेल चालेल म्हणून चार वर्षं घासला आणि ते चाललं नाही. तरी पुन्हा बसला. या थकलेल्या लोकांच्या रक्तात काही अमिनो आम्लं कमी पडलेली त्याला दिसली होती, बायकांच्या रक्तात जास्त करून. त्याचा अंदाज असा की शरीराच्या भट्टीत साखर आत जाण्याचं दार कुठेतरी अडकलंय, म्हणून शरीर दुसरं सरपण शोधतं आणि प्रथिनांच्या विटाच जाळायला घेतं.

ओशिल्ड ही माझ्या आजारी माणसांपैकी एक; तिच्या वडलांना, तोर्गिल्सला, मी हे त्याच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा समजावलं. जन्मभर लाकडी घरं बांधलेला माणूस. म्हणाला, "म्हणजे सरपणाची खोली भरलेली आहे, पण दाराला कुलूप. आणि पोर चूल पेटती ठेवायला भिंतीच्या फळ्या काढून जाळतेय."

मी म्हटलं, अजून हा नुसता अंदाज आहे.

"असू दे अंदाज," तो म्हणाला. "नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला आळशी न म्हणता काहीतरी सांगितलंय."

ओशिल्ड तेव्हा चौतिशीची होती. पंचविशीपर्यंत ती आमच्या प्रार्थनाघरात बाजाची पेटी वाजवायची. आमच्याकडे दर गुरुवारी उपदेशाला आर्नफिन गिटार घेऊन उभा राहतो. दोन वाक्यं बोलतो, एक ओळ गातो, पुन्हा बोलतो, पुन्हा गातो, आणि बोलणं कुठे संपलं, गाणं कुठे सुरू झालं हे ऐकणाऱ्याला कळत नाही. मी दिवसभर कितीही मोडलेली असले तरी गुरुवार चुकवत नाही. तो बोलायला लागला की ओशिल्ड पेटीवर एकच सूर धरून ठेवायची, बारीक, अगदी दाराखालून येणाऱ्या उजेडासारखा. मग एका हिवाळ्यात तिला ताप आला, ताप गेला, आणि ती काही उठली नाही.

हाल्वरच्या अभ्यासात प्रत्येक आजारी माणसाचे दोन नमुने लागत. एक सुरुवातीला, एक सहा महिन्यांनी, दोन्ही सकाळी उपाशीपोटी, अर्धा तास निपचित पडून राहिल्यावर. दुसरा मिळाला नाही तर पहिलाही फुकट. शिवाय प्रत्येकीच्या जोडीला त्याच वयाची एक धडधाकट बाई. ओशिल्डची जोडीदार होती गुनवोर, तिच्याच वर्गातली, फेरीबोटीवर वॅफल आणि कॉफी विकणारी.

एप्रिलच्या नमुन्यानंतर ओशिल्ड पाच आठवडे कोसळलेली होती. सुई टोचल्यानं नव्हे. कुणीतरी खोलीत आलं, हात धरला, दोन शब्द बोललं, तेवढ्यानं. म्हणून ऑक्टोबरसाठी तिनं आधीपासून ताकद राखून ठेवायला घेतली. दिवसातनं दहा मिनिटं ती उशीला टेकून बसायची, ते बंद केलं. केस धुणं बंद केलं. संध्याकाळी वडील दाराशी बसून पेपरातली एखादी बातमी हळू आवाजात वाचायचे, तेही बंद. दीड महिना. एका सकाळच्या चार नळ्यांसाठी. मला हे सगळं ठाऊक होतं, म्हणून मी जे केलं ते माफ करून घेण्यासारखं नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

त्या घरात यंत्र लावायची सोय नव्हती. त्याची घरघर भिंतींतून ओशिल्डपर्यंत पोचायची आणि तिला उलट्या व्हायच्या. म्हणून आमची रीत ठरलेली. जाताना यंत्र बोटीवरच गुनवोरकडे ठेवायचं, तिच्या काउंटरमागे. मी पलीकडे उतरायचं. बोट दरम्यान एक फेरी मारून येई. रक्त काढून परतीची दहा वीसची बोट धरायची आणि चढल्या चढल्या नळ्या फिरवायला लावायच्या. काढण्यापासून फिरवण्यापर्यंत वीस मिनिटं. त्या काठावरच्या इतर घरांसाठीही हीच रीत, आणि दोन वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. एवढंच की यंत्र आणि वॅफलचे दोन्ही साचे एकत्र चालले तर फ्यूज उडायचा. गुनवोर मला बघितलं की साचे बंद करायची आणि रांगेतल्या ड्रायव्हरांना सांगायची, "दहा मिनिटं थांबा. बोर्गहिल्डबाईंची धुणी चाललीयेत."

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी तिनं खाली माझ्या गाडीपाशी येऊन यंत्राची एक बाजू धरली. माझे गुडघे सकाळपासून ठणकत होते. आदल्या दिवशी दोन खाड्या, त्याच्या आदल्या दिवशी एक. गुनवोर म्हणाली, "अगं, तुझ्या तोंडाकडे बघून मला वाटतं, सुई तुलाच टोचायला पाहिजे. चुकून एखाद्या पेशंटलाच कामाला लावलंय का, विचार तुझ्या हाल्वरला." मी हसले. हसायलाही जरा जोर लावावा लागला.

तोर्गिल्सनं दार उघडलं तेव्हा तो मोज्यांवर होता. त्या घरात कुणी बूट वाजवत नाही. मी अर्धा तास स्वयंपाकघरात बसले, ओशिल्ड पडून होतीच. मग आत गेले. खिडकीला फळ्या मारलेल्या. माझ्या कपाळावर तांबडा दिवा, बस, तेवढाच उजेड. दहा वाजून पाच मिनिटांनी रक्त आलं, पहिल्याच टोचण्यात, छान आलं. चारी नळ्या बर्फात गेल्या. नळीवर वेळ लिहायला मी पेन काढलं.

आणि तिनं माझी बाही धरली.

दोन बोटांनी, चिमटीत धरावी तशी. तिच्या तोंडाशी कान नेला तेव्हा ऐकू आलं. "गुरुवारचं. आर्नफिनचं. एक कडवं."

वर्षानुवर्षं तिच्या खोलीत सूर शिरला नव्हता. फोनची घंटी नाही, रेडिओ नाही. मी मान हलवली की नको, तुला सोसायचं नाही. तिनं बाही सोडली नाही.

आर्नफिननं स्वतः रचलेलं एक साधं पद आहे, एका वल्ह्याच्या होडीचं. किनारा दिसत नाही, तरी दोरीचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातात आहे, एवढंच त्यात येतं. मी ते गायले. गायले म्हणजे श्वासावर ठेवलं. एक कडवं झालं, तिची बोटं तशीच. दुसरं घेतलं. दुसऱ्याच्या शेवटी तिच्या पापणीखालचं पाणी कानाकडे गेलं आणि तोंड किंचित उघडं पडलं. ती झोपली होती. औषधाशिवाय, दिवसाउजेडी. आणि बाही तिच्या चिमटीतच.

दारात तोर्गिल्स आला. त्यानं मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. मी डोळ्यांनी म्हटलं, एक मिनिट.

त्या मिनिटाचं काय झालं, मला अजून नीट सांगता येत नाही. बसले होते. खोली उबदार होती. तिचा श्वास माझ्या हातावर लागत होता. बाही ओढली तर जाग येणार, जाग आली तर पुन्हा झोप कधी, देव जाणे. हे सगळं खरं, पण पूर्ण खरं सांगायचं तर मी थकले होते, आणि कुणीतरी मला धरून ठेवलं होतं, आणि मला ते हवं होतं. तोर्गिल्सनं दुसऱ्यांदा घड्याळ दाखवलं. मी पुन्हा एक मिनिट म्हटलं.

धक्क्यावर पोचले तेव्हा बोट निम्म्या खाडीत होती. यंत्र तिच्यावर.

पुढची अकराला. गाडीत बसले. पाऊस काचेवर. शेजारच्या सीटवर बर्फाची पेटी, पेटीत चार नळ्या, आणि नळ्यांवर वेळेची जागा कोरी. पेन खिशात होतं. दहा पाचच्या जागी दहा तीस लिहिलं असतं तर सगळं जुळत होतं. पाहणारं कुणी नव्हतं. तोर्गिल्सला नळीवर काय लिहितात ठाऊक नव्हतं. पंचवीस मिनिटांचा फरक. शेकडो नळ्यांत एका नळीतलं आर्जिनिन जरा कमी निघालं तर कुणाला आश्चर्य वाटणार होतं? आम्ही तर कमीच शोधत होतो.

ते मनात आलं आणि मी गाडीची काच खाली केली. आम्ही कमीच शोधत होतो. माझं खोटं हाल्वरच्या अंदाजाला सोयीचंच पडलं असतं. भिंतीची फळी जळाली नसताना जळाली असं मी लिहिणार, आणि उद्या कुणी त्या आकड्यावर औषध बांधणार, आणि तेही चालणार नाही. मग पुन्हा कुणीतरी म्हणणार, बघा, ही बाई नुसती आळशी आहे.

मागच्याच गुरुवारी आर्नफिन गाता गाता थांबून म्हणाला होता की देव थकलेल्याला रागावत नाही, पण थकवा पुढे करून कुणी दार बंद करू पाहील तर तो पाय मध्ये घालतो. सगळे हसले होते. मीही हसले होते. आता गाडीत मला देवाचा पाय स्पष्ट दिसत होता, मोज्यावर, तोर्गिल्ससारखा.

मी लिहिलं, दहा पाच. चारी नळ्यांवर.

बोट आली. गुनवोरनं मला बघितलं आणि काही न विचारता साचे बंद केले. दहा अठ्ठावन्नला यंत्र सुरू झालं. त्रेपन्न मिनिटं. मी कागदावर त्रेपन्न लिहिलं तेव्हा ती खांद्यावरून वाचत होती. तिला नियम माहीत होता, तिचंही रक्त याच यंत्रातून गेलं होतं.

"एवढी धुणी कशाला मग?" ती हळूच म्हणाली.

मी म्हटलं, नमुना कसा बिघडतो ते बघायला तरी उपयोग होईल. तिनं कॉफी पुढे ठेवली आणि वॅफलवर तपकिरी चीजचा एक काप जास्त घातला.

हाल्वरला फोन केला. रागावला नाही, हेच वाईट. म्हणाला की खरी वेळ लिहिलीस ते बरं केलंस, नमुना बाजूला ठेवू, आणि ओशिल्डच्या दोन नमुन्यांची जोडी आता धरता येणार नाही. नवी जोडी घ्यायची तर पुन्हा पहिल्यापासून, दोन्ही नमुने, आणि तेही तिची इच्छा असेल तर. "विचारायचं तू," तो म्हणाला.

विचारायच्या आधी सांगायचं होतं. संध्याकाळी तोर्गिल्सला फोन केला. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दीड महिना तिनं केसांना पाणी लावलं नाही," तो म्हणाला. "मी दोनदा घड्याळ दाखवलं. दोनदा. हॉस्पिटलनं तुला गाणी म्हणायला पाठवलं होतं का, बोर्गहिल्ड?"

नाही, मी म्हटलं.

"मग तिला काय सांगू मी?"

जे झालं तेच सांग, एवढंच माझ्याच्यानं बोलवलं. त्यानं फोन ठेवला.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. मी कामाला जात होते, सुया टोचत होते. गुरुवारी प्रार्थनाघरात मागच्या बाकावर बसत होते आणि ते होडीचं पद लागलं की ओठ मिटून घेत होते. आर्नफिननं एकदा बाहेर गाठून विचारलं की आवाज बसलाय का. मी हो म्हटलं. गुनवोरकडून कळत होतं की ओशिल्ड कोसळली आहे, पण एप्रिलएवढी नाही. किंवा एप्रिलएवढीच, पण तोर्गिल्स तसं म्हणत नाही. तिलाही नक्की माहीत नव्हतं.

डिसेंबरात, सरपणाची गाडी त्याच्या अंगणात आली त्या दिवशी, तोर्गिल्सचा फोन आला. आधी तो बर्चच्या लाकडाबद्दल बोलला, ओलं आहे म्हणून. मग म्हणाला, "तिचा निरोप आहे. काल एक अर्धं सांगितलं, आज दुसरं. जुळवायला दोन दिवस लागले."

मी विचारलं, काय म्हणते.

"गाणं आधी. सुई नंतर."

तो पलीकडून म्हणाला, "अगं, अर्धा तास तू माझ्या स्वयंपाकघरात बसून कॉफी पीत होतीस आणि ती आत पडून होती. आपल्या दोघांच्या टाळक्यात कसं आलं नाही? साठीची माणसं आपण." मग खाकरून म्हणाला, "ती म्हणते, त्या दिवशी झोप आली होती तिला. ताकद तिची होती, कशावर घालवायची ते तिनं ठरवलं. हे मी म्हणत नाही. ती म्हणते. मी अजून रागावलेलो आहे."

हाल्वरला विचारलं. त्यानं चष्मा काढून पुसला आणि गंभीरपणे सांगितलं की गाण्यानं शरीरात काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणून गाणं असेल तर दोन्ही नमुन्यांच्या वेळी असलं पाहिजे, तेच पद, तेवढीच कडवी. आणि जोडीदार बाईलाही तेच ऐकवायला हवं, नाहीतर तुलना चुकेल.

गुनवोरला हे बोटीवर सांगितलं. ती लग्नाखेरीज प्रार्थनाघराची पायरी चढलेली नाही. तिनं साचा धाडकन मिटला.

"उपाशीपोटी? अर्धा तास? आणि वर तुझं भजन?"

दोनच कडवी, मी म्हटलं.

"ओशिल्डसाठी पडून राहीन," ती म्हणाली. "पण मला रडू आलं तर ते कागदावर लिहायचं नाही."

फेब्रुवारीत नव्या जोडीचा पहिला नमुना घ्यायला गेले. खाडीच्या कडेला बर्फाची साय धरलेली. यंत्र गुनवोरकडे ठेवलं. तोर्गिल्सनं दार उघडलं, मोज्यांवर, आणि या वेळी कॉफी विचारली नाही. आतल्या खोलीकडे नुसतं बोट केलं. त्याच्या दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातलं वाजणारं घड्याळ होतं, तबकडी उघडी ठेवून फडक्यात गुंडाळून मुकं केलेलं. तो उंबऱ्यातच बसला, जमिनीवर, पाय लांब करून.

मी पलंगाजवळ बसले. ओशिल्ड आणखी बारीक झाली होती. आतल्या भिंतीच्या फळ्या काढून जाळणं चालूच असावं. आमच्या आकड्यांनी अजून तिचं एकही दार उघडलेलं नव्हतं, आणि उघडेल असं मी तिला सांगितलंही नाही. तिची बोटं चाचपत आली आणि बाही धरली. मी श्वासावर सूर ठेवला. एक कडवं. दुसरं. तोर्गिल्सचं डोकं चौकटीला टेकलं होतं, डोळे मिटलेले, की ओले, तांबड्या उजेडात कळेना. मग आम्ही तिघंही नुसते पडून-बसून राहिलो, अर्धा तास होईपर्यंत.

दहा पाचला सुई. छान आलं. नळ्या बर्फात. पेन काढलं, चारी नळ्यांवर वेळ लिहिली, आधी ती, मग बाकी सगळं. कागदावर शेवटी 'इतर काही' अशी एक रिकामी चौकट असते. तिच्यात लिहिलं, दोन कडवी, हळू, रक्त काढणारीनं म्हटली.

मग मी बाहीकडे पाहिलं. बोटं तिथंच होती. दहा नऊ. दहा दहा. तोर्गिल्सनं उंबऱ्यातून घड्याळ वर केलं.

ओशिल्डनं बाही सोडली. सोडली, आणि त्याच दोन बोटांनी दाराकडे एक बारीक ढकल दिली, जसं कुणी होडी पाण्यात लोटतं.

मी उठले. गुडघे कुरकुरले. बोट धक्क्यावरच होती.